ल्युसर्नला तीन रात्री: दोघा मित्रांसाठी, दोघी मैत्रिणींसाठी

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न या सरोवराकाठच्या शहराच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस थांबते, लाकडी पुलावर फोटो होतात, दगडी सिंहापुढे फोटो होतात, चॉकलेटं आणि घड्याळं घेऊन होतात आणि सगळे परत बसमध्ये. तुम्ही दोघंच स्वतंत्र जाणार असाल तर नेमकं उलट करा. तीन रात्री एकाच खोलीत मुक्काम ठेवा आणि आज डोंगर, बोट की गाव, हे रोज सकाळी आकाश बघून ठरवा. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलात की समोर बोटींचे धक्के, डावीकडे पूल आणि पलीकडे जुनं गाव असल्यामुळे असं ऐनवेळी ठरवणं इथे सहज जमतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी वाया जातात: डोंगराचं तिकीट महिनाभर आधी तारीख टाकून काढलेलं असतं आणि त्या दिवशी शिखर ढगात बुडालेलं असतं.

कधी जायचं

मेचा शेवट ते सप्टेंबर हा सगळ्यात सोयीचा काळ. पण तिकडचा उन्हाळा आपल्यासारखा कोरडा नसतो. जून ते ऑगस्ट हेच तिथले जास्त पावसाचे महिने, आणि तो पाऊस बऱ्याचदा दुपारनंतर गडगडाट करत येतो. म्हणून डोंगर नेहमी सकाळी आणि गाव दुपारी. सप्टेंबरमध्ये हवा थोडी स्थिर असते, गर्दी ओसरते आणि सरोवराचं पाणीही अजून फार गार झालेलं नसतं. पहिल्याच वारीला आम्ही सप्टेंबर सुचवू.

नोव्हेंबर ते जानेवारी शहरावर धुक्याचं छत दिवसेंदिवस हटत नाही. गंमत अशी की त्याच वेळी हजार-बाराशे मीटरच्या वर लख्ख ऊन असतं आणि डोंगरावरून खाली ढगांचा समुद्र दिसतो. मात्र पिलाटस डोंगरावरची दातेरी रेल्वे (रुळांमधल्या दात्यांना धरून चढणारी) हिवाळ्यात बंद असते आणि वसंतात व शरदात रोपवेही देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात. त्यामुळे ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये जाणार असाल तर प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर बंद दिवसांची यादी बघूनच विमानाचं तिकीट काढा.

व्हिसा: दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, म्हणून शेंगेन व्हिसाच लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा अडीच-तीन महिने आधी सुरुवात करा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

मित्र म्हणून एकत्र जात असलात तरी दूतावासाच्या लेखी तुम्ही दोन वेगळे अर्जदार आहात. प्रत्येकाचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरण आणि ऑफिसचं रजेचं पत्र स्वतंत्र हवं. घोटाळा होतो तो इथे: हॉटेल एकाच्या नावावर बुक केलेलं असतं आणि दुसऱ्याच्या अर्जात राहण्याचा पुरावाच नसतो. बुकिंगवर दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून घ्या. दिनक्रमाचा तक्ता एकच बनवा आणि दोघांच्या फाइलला तोच लावा. एकाच्या अर्जात ल्युसर्नला तीन रात्री आणि दुसऱ्याच्या अर्जात दोन असं दिसलं तर प्रश्न उभे राहतात.

स्वित्झर्लंड माणशी दिवसाला साधारण १०० फ्रँक खर्चाची ऐपत बघतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन भागासाठी वैध हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. पुढे इटली किंवा फ्रान्सही करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर आधी जिथे उतरणार तिथे.

व्हिसा दोघांना एकाच दिवशी मिळेल याची खात्री नसते. म्हणून तोपर्यंतचं हॉटेल बुकिंग रद्द करता येईल असंच ठेवा.

पासचा हिशोब

सगळ्यात जास्त डोकं इथे चालवायला हवं, कारण चुकीचा पास घेतला तर दोघांचे मिळून शे-दीडशे फ्रँक सहज जातात.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तीन दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास अडीचशे फ्रँकच्या घरात जातो, आणि २५ वर्षांखालच्यांना सवलत आहे. त्यात रेल्वे, शहरातल्या बस, सरोवरातल्या नियमित बोटी आणि बरीच संग्रहालयं येतात. रिगी आणि श्टान्झरहॉर्न हे डोंगर पूर्ण येतात. पिलाटस आणि टिटलिसवर अर्धी सवलत. दिवस मोजताना तारीख धरतात, २४ तास नव्हे. दुपारी तीनला पास सुरू केला तरी तो पहिला दिवस गेलाच.

हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि रेल्वे, बोट आणि जवळजवळ सगळ्या डोंगरांवर भाडं निम्मं करतं. टेल पास फक्त मध्य स्वित्झर्लंडचा आहे. त्यात बोटी आणि इथले चारही मोठे डोंगर पूर्ण येतात, पण झ्युरिक विमानतळ त्याच्या हद्दीबाहेर आहे, तिथून येण्याजाण्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

आमचं मत असं. ल्युसर्नला तीन रात्री राहून एकच डोंगर करणार असाल तर हाफ फेअर कार्ड बहुतेक वेळा पुरतं. दोन-तीन दिवसांत दोन डोंगर आणि रोज बोट असा बेत असेल तर टेल पास. ल्युसर्ननंतर इंटरलाकेन, झरमॅट असं पुढे जाणार असाल तर ट्रॅव्हल पास. कागदावर तीन रकाने काढा, प्रत्येक प्रवासाचं पूर्ण भाडं रेल्वेच्या ॲपमधून लिहा आणि बेरीज करून बघा. वीस मिनिटांचं काम आहे. ॲपमध्ये शहराचं नाव जर्मन स्पेलिंगनं शोधा, म्हणजे Luzern.

आणखी एक गोष्ट: ल्युसर्न शहरात हॉटेल किंवा होस्टेलमध्ये राहिलं की व्हिजिटर कार्ड मिळतं. त्यावर शहराच्या झोन १० मध्ये बस आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे मुक्कामभर फुकट असते. रिसेप्शनवर आपण होऊन मागा. म्हणजे गावात फिरायच्या दिवशी पासचा दिवस जाळायची गरज नाही.

पैसे, फोन, प्लग

चलन स्विस फ्रँक, युरो नव्हे. फॉरेक्स कार्ड फ्रँकमध्येच भरून घ्या. युरो भरलेलं कार्ड चालतं, पण प्रत्येक व्यवहारात रूपांतराचा भुर्दंड बसतो. कार्डाच्या मशीननं रुपये की फ्रँक असं विचारलं तर फ्रँक निवडा. रुपये निवडलेत तर दर त्यांचा लागतो आणि तो महाग असतो. रोख माणशी शंभर-दीडशे फ्रँक पुरे. सगळ्यात लहान नाणं ५ रापेनचं (रापेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) आहे, त्यामुळे रोखीत बिल पाचाच्या पटीत येतं.

दोघांच्या खर्चासाठी साधी पद्धत: हॉटेल आणि पास एकानं भरायचे, जेवण आणि किरकोळ दुसऱ्यानं, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी फोनमधल्या वहीत आकडे टाकायचे. परत आल्यावर पावत्या शोधत बसण्यात मैत्रीची परीक्षा होते. आपापलं एक कार्ड मात्र दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. पाकीट मारलं गेलं तर निदान एकाचं चालू राहतं. गर्दीच्या पुलावर आणि स्टेशनात खिसेकापू असतात, हे स्वित्झर्लंडलाही लागू आहे.

सिम घेताना फसगत ठरलेली. 'युरोप पॅक' म्हणून विकले जाणारे अनेक पॅक युरोपीय संघापुरतेच असतात आणि त्यात स्वित्झर्लंड नसतं. देशांची यादी उघडून वाचा.

प्लगचंही तसंच. स्विस सॉकेट षटकोनी खोबणीत आत बसवलेलं असतं. आपल्या मोबाइल चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, पण आपला जाड तीन पिनांचा, जर्मनीतला गोल जाड प्लग आणि विमानतळावर मिळणारे ठोकळ्यासारखे युनिव्हर्सल ॲडॉप्टर त्या खोबणीत शिरतच नाहीत. स्विस तीन पिनांचा एक ॲडॉप्टर आणि त्याला लावायला भारतीय एक्स्टेंशन, एवढ्यात दोघांचे फोन, कॅमेरा, पॉवर बँक सगळं चार्ज होतं. दाब २३० व्होल्ट, आपल्यासारखाच.

पहिला दिवस: झ्युरिक विमानतळ ते खोली

मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे, रात्री निघून सकाळी लवकर पोहोचतं. प्रवास साधारण नऊ तासांचा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, म्हणून रांगेसाठी वेळ धरा. हॉटेलचं बुकिंग, विमा आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या बॅगेत ठेवा. अधिकाऱ्यानं विचारलं तर दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत: किती दिवस, कुठे राहणार, परत कधी.

रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. ल्युसर्नला थेट गाडी तासाला एक असते आणि सव्वा तासाच्या आत पोहोचवते. मधल्या वेळेत झ्युरिक मुख्य स्टेशनात गाडी बदलून जाता येतं. तिकीट गाडी सुटण्यापूर्वीच हातात हवं. गाडीत बसल्यावर काढायचं राहून गेलं तर पहिल्या वेळेला ९० फ्रँक दंड आणि भाडं वेगळं. टीसी सौम्य शब्दांत बोलतो, पण सोडत नाही. डब्याच्या वरच्या बाजूला पिवळा पट्टा असेल तर तो पहिला वर्ग. फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग असतात, आणि दुसऱ्या वर्गाचे डबे कुठे येणार हे वरच्या फलकावर आधीच दिसतं. जड बॅगा घेऊन धावाधाव करायची नसेल तर ते बघून उभे राहा.

ल्युसर्न हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायची घाई नको. बाहेर चौकात एक एकटी दगडी कमान उभी दिसेल. ते जुन्या स्टेशनचं प्रवेशद्वार आहे. बाकीचं स्टेशन १९७१ च्या आगीत गेलं, कमान ठेवली.

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते. हॉटेल बॅगा ठेवून घेतं. घेत नसेल तर स्टेशनच्या तळघरात लॉकर आहेत. खोली बुक करताना एक पाहा: 'डोपेलत्सिमर' म्हणजे एक जोड पलंग, आणि 'त्स्वायबेट-त्सिमर' म्हणजे दोन सुटे पलंग. जोड पलंगावरही गाद्या आणि रजया बहुधा दोन वेगळ्या असतात, पण सुटे हवे असतील तर आधीच लिहून कळवा. शहराचा मुक्काम कर माणशी, रात्रीमागे, बऱ्याचदा तिथेच भरावा लागतो.

त्या दिवशी झोपू नका. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. दुपारी दोन तासांची झोप काढलीत तर पहाटे तीनला डोळे टक्क उघडे राहतात.

गाव: पायी, याच क्रमानं

स्टेशनातून निघून आधी कापेलब्रुके, म्हणजे चॅपल पूल. चौदाव्या शतकातला, साधारण २०० मीटर लांब, छप्पर असलेला लाकडी पूल. छताच्या आढ्याखाली त्रिकोणी फळ्यांवर सतराव्या शतकातली चित्रं आहेत. १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री पूल पेटला आणि चित्रांपैकी सुमारे दोन-तृतीयांश गेली. पुढच्या वसंतात पूल पुन्हा उभा राहिला. फोटो काढून पुढे जाऊ नका, मान वर करून चाला. दोन्ही टोकांकडे चित्रं सलग दिसतात आणि मधल्या पट्ट्यात चौकटी रिकाम्या आहेत, काही ठिकाणी काळवंडलेल्या. लाकडाचा रंगही बदलतो: जुनं गडद, नवं फिकट. आग कुठपर्यंत पोहोचली होती ते नुसतं चालताना वाचता येतं. मधला अष्टकोनी मनोरा पुलापेक्षा जुना आहे. तो तुरुंग, खजिना आणि दप्तरखाना अशा सगळ्या कामांना वापरला गेला.

सकाळी आठच्या आत गेलात तर पूल तुमचाच. नऊनंतर बस येऊ लागतात.

मग रॉयस नदीच्या काठानं खाली चालत जा. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दोन्ही काठांवर बाजार भरतो: चीज, पाव, भाज्या, फुलं. बेरी आणि जर्दाळू सुपरमार्केटपेक्षा इथलेच घ्यावेत. पुढे नदीत लाकडी दांड्यांची एक रांग पाण्यात उभी दिसेल. हा एकोणिसाव्या शतकातला सुयांचा बांध. दांड्या काढून आणि घालून सरोवराची पातळी राखतात, आणि ते काम माणसं हातानं करतात. बहुतेक प्रवासी याच्याकडे बघतही नाहीत. पाच मिनिटं थांबा. सगळं सरोवर या एवढ्याशा जागेतून कसं बाहेर पडतं ते कळेल.

त्याला लागूनच श्प्रॉयरब्रुके, छप्पर असलेला दुसरा लाकडी पूल. इथल्या चित्रांत मृत्यूचा सापळा राजाला, व्यापाऱ्याला, नवरीला, सगळ्यांना हाताला धरून नेतो. कास्पार मेग्लिंगर या चित्रकारानं ती १६२६ ते १६३५ या काळात केली. पुलाच्या नावात भुश्शाचा उल्लेख आहे: गिरणीचा कोंडा नदीत टाकायची परवानगी फक्त इथूनच होती, कारण हा शहरातला सगळ्यात खालचा पूल.

इथून चढ चढून मुझेग तटबंदी. सुमारे ८७० मीटर तट आणि नऊ बुरूज. त्यातले चार उन्हाळ्यात खुले असतात, प्रवेश फुकट. हिवाळ्यात बंद. त्सिट बुरुजाचं घड्याळ १५३५ चं, आणि त्याला शहरातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोल द्यायचा मान आहे. तासाच्या पाच मिनिटं आधी वर पोहोचा आणि आत यंत्राजवळ उभे राहा. लाकडी जिने अरुंद आणि उभे आहेत. पावसात ओल्या बुटांनी सांभाळून. सरोवराचं सगळ्यात चांगलं दृश्य मेन्ली बुरुजावरून.

सिंहाचं स्मारक शेवटी, संध्याकाळी. १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांच्या आठवणीत हा सिंह खडकातच कोरला आहे. आराखडा डॅनिश शिल्पकार थोर्वाल्डसनचा, कोरीव काम लुकास आहोर्नचं, १८२०-२१. लांबी दहा मीटर. नीट बघा: बरगडीत मोडलेला भाला रुतलेला आहे आणि मरतानाही पंजा फ्रेंच लिलीच्या ढालीवर आहे. बाजूच्या दुसऱ्या ढालीवर स्विस क्रूस. खाली अधिकाऱ्यांची नावं.

पाऊस लागलाच तर वाहतूक संग्रहालय किंवा पिकासो आणि क्ले यांच्या चित्रांचा रोझेनगार्ट संग्रह. वाहतूक संग्रहालयाला किमान चार तास लागतात. तासाभराची फट भरायला जाऊ नका.

डोंगर: तिकीट सकाळीच

झोपण्यापूर्वी मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याचं ॲप बघा, आणि उठल्यावर डोंगराचे थेट कॅमेरे. अंदाज काहीही म्हणो, कॅमेरा खोटं बोलत नाही. शिखर स्वच्छ दिसत असेल तर लगेच निघा. ढगात असेल तर गाव आज करा. उन्हाळ्यातही वर गारठा असतो: सरोवर समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर, रिगी जवळजवळ १,८०० वर, म्हणजे तापमान आठ-नऊ अंशांनी कमी. विंडचीटर आणि एक गरम थर दोघांकडे स्वतंत्र हवा.

एकच डोंगर करायचा तर रिगी, आणि तो गोल फेरीनं. क्रम असा:

१. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून फित्सनाऊकडे जाणारी बोट. सरोवराला अनेक फाटे आहेत आणि पिलाटसच्या पायथ्याच्या आल्पनाखश्टाडची बोट पार वेगळ्या दिशेला जाते. धक्क्याचा क्रमांक आणि शेवटचं ठिकाण दोन्ही तपासा. वेळापत्रकात वाफेच्या बोटीला चाकाची खूण असते. अशा पाच जुन्या बोटी अजून चालतात. सगळ्यात जुनी 'उरी' १९०१ ची. मधल्या डेकवर कठड्यातून खाली चालतं इंजिन दिसतं, पितळ आणि तेलात चमकणारे दांडे, गरम तेलाचा वास. वरचा डेक पहिल्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गाच्या पासवर खालीच बसायचं.

२. फित्सनाऊला तासाभरात. दातेरी रेल्वे धक्क्याच्या अगदी समोर. १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. बोटीतून उतरलेले सगळेच तिकडे धावतात, म्हणून बोट लागण्याच्या पाच मिनिटं आधी दाराशी या. चढताना डावीकडची खिडकी धरा, सरोवर त्या बाजूला.

३. रिगी कुल्म, म्हणजे शिखरावरचं स्टेशन, अर्धा तास. वर दीड-दोन तास पुरे.

४. परत गाडीनं उतरू नका. कुल्म ते श्टाफेल ते काल्टबाड अशी पायवाट सवा-दीड तासाची उतरती आहे, खुणा पिवळ्या पाट्यांवर, वेळेसकट. साधे स्पोर्ट्स शूज चालतात, सपाट तळाच्या सँडल नकोत. गुडघे कुरकुरत असतील तर मधल्या कुठल्याही स्टेशनावर गाडी पकडता येते. जोडीदाराचा वेग वेगळा असेल तर भेटायचं ठिकाण श्टाफेल ठरवून टाका, तिथे स्टेशन आहे.

५. काल्टबाडहून रोपवे वेगिसला. खालचं स्टेशन गावाच्या वरच्या बाजूला आहे, धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं उतार. बोटीची वेळ बघूनच रोपवे पकडा, कारण संध्याकाळी बोटी विरळ होतात.

मे-जूनमध्ये बर्फच बघायचा असेल तर टिटलिस: ल्युसर्नहून एंगेलबर्गला पाऊण तासाची गाडी, पुढे गोंडोला (लहान केबिनांचा रोपवे) आणि शेवटी फिरती केबिन. वरचं स्टेशन तीन हजार मीटरवर. डोकं जड वाटलं तर बसा, पाणी प्या, बर्फात पळापळ नको. पिलाटसची दातेरी रेल्वे १८८९ ची, ४८ टक्के चढाची. बोटीनं आल्पनाखश्टाड, रेल्वेनं वर, गोंडोलानं क्रीन्स, आणि तिथून १ नंबरची बस ही त्याची गोल फेरी. वारा जोराचा असेल तर गोंडोला बंद पडतो, तेव्हा आधी विचारा.

पाणी आणि वारा

जुलै-ऑगस्टमध्ये पोहता येतं. स्टेशनपासून चालत जाण्यासारखा उफश्योटीचा किनारा फुकट आहे. लिडो या दुसऱ्या किनाऱ्याला तिकीट आहे. पुलांजवळ रॉयस नदीत मात्र उतरू नका, ओढ जबरदस्त असते. पॅडल बोट भाड्यानं घेतलीत तर काठावरच्या नारिंगी दिव्यांकडे लक्ष ठेवा: मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध, ९० वेळा लुकलुकले तर वादळ, लगेच काठाला या. दक्षिणेकडून येणारा 'फ्योन' वारा आकाश निरभ्र ठेवून सरोवर खवळवतो, म्हणून ऊन आहे म्हणजे धोका नाही असं समजू नका.

जेवण, विशेषतः शाकाहारी असाल तर

साध्या रेस्टॉरंटात एक पदार्थ २५-३० फ्रँकला पडतो. खर्च आवरायचा तर दुपारचं मिग्रोस किंवा कोप या सुपरमार्केटमधून घ्या, दहा-बारा फ्रँकमध्ये माणशी भागतं. रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, स्टेशनाखालची उघडी. शनिवारीही लवकर बंद होतात. स्टेशनातच टिबिट्स हे शाकाहारी बुफे आहे, ताट वजनावर. आमटी-भाताची आठवण दुसऱ्याच दिवशी येते, तेव्हा मेतकूट, चटणी आणि थेपले बरोबर असू द्यात. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र सामानातून नेता येत नाहीत. साजूक तुपातले लाडू घरीच ठेवा.

पाकिटावर हे शब्द ओळखा: 'फ्लाइश' मांस, 'श्पेक' आणि 'शिंकेन' डुकराचं, 'रिंड' गोमांस, 'पुले' कोंबडी, 'आय' अंडं, 'गेलाटीने' जिलेटिन. आल्प्लरमाक्रोनेन म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज, वरून तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा सॉस. आपल्या जिभेला हा पदार्थ चटकन रुचतो, पण 'ओने श्पेक' असं सांगून मागवा. ग्रुयेर, एमेंटाल, श्ब्रिन्झ ही पारंपरिक चीज जनावराच्या रेनेटनं (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) बनतात. कडक शाकाहारी असाल तर त्यांना फाटा द्या.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. गावभर कारंजी आहेत आणि पाणी पिण्याचं असतं. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तेवढंच टाळा. स्टेशनातल्या शौचालयाला पैसे पडतात, बोटीवर आणि संग्रहालयात नाहीत.

रात्री दहानंतर खोलीत मोठ्यानं व्हिडिओ कॉल नको, भिंती पातळ असतात. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १४४, पोलिसांना ११७. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिचा कागद, मग बर्नमधला भारतीय दूतावास. दोघांच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो एकमेकांच्या फोनमध्ये निघण्यापूर्वीच टाकून ठेवा.

परतीचा दिवस

चेकआउटनंतर बॅगा हॉटेलातच ठेवा आणि राहिलेला बुरूज किंवा बाजार उरकून घ्या. विमान सुटण्याच्या किमान साडेचार तास आधी ल्युसर्न सोडा: गाडीला सव्वा तास, एखादी गाडी चुकली तर पुढची, मग चेक-इन आणि सीमेची रांग. उरलेली नाणी स्टेशनात खाण्यावर संपवा, कारण नोटा परत बदलून मिळतात, नाणी नाहीत. स्विस चाकू घेतला असेल तर तो चेक-इन बॅगेत गेलाय का, हे फलाटावर उभे असतानाच बघा.